हिंगोलीचा प्रवासी, हवाई दलाची धावपट्टी

हिंगोलीच्या माणसाला विमानाने दिल्ली गाठायची असेल, तर आधी नांदेड गाठावे लागते. कळमनुरी, वारंगाफाटा, अर्धापूर असा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. ३१ मार्च २०२४ रोजी स्टार एअरने नांदेडहून दिल्लीच्या दिशेने विमान सुरू केले आणि या भागाची मोठी सोय झाली. पण हे विमान दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर उतरणारे नव्हते. ते उतरणार होते यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशातल्या गाझियाबादला खेटून असलेल्या हिंडनला. हिंडन हा भारतीय हवाई दलाचा तळ आहे. तिथून पुढे विमानाचा शेवटचा थांबा होता पंजाबातले आदमपूर. तोही हवाई दलाचाच तळ.

म्हणजे हिंगोली, वसमत किंवा सेनगावचा एखादा शेतकरी, शिक्षक, व्यापारी एका तिकिटावर देशाच्या दोन महत्त्वाच्या लष्करी धावपट्ट्यांवर उतरू शकत होता. लढाऊ विमानांसाठी बांधलेल्या जागी साधा प्रवासी कसा पोहोचतो, त्याला तिथे कोणत्या अटींवर जागा मिळते, आणि या व्यवहारात देशाचा, हवाई दलाचा आणि प्रवाशाचा काय लाभ होतो, हे या प्रकरणात पाहायचे आहे. लष्करी तळ प्रवाशांना खुला करणे हा सार्वजनिक पैशाचा आणि जमिनीचा अत्यंत शहाणा वापर आहे. मात्र धावपट्टीवर पहिला हक्क हवाई दलाचा आणि उरलेल्या वेळेची पक्की खात्री प्रवाशाला, अशी दोन्ही बाजूंनी पाळलेली शिस्त असेल तरच तो टिकतो.

दोन तळ, दोन इतिहास

आदमपूर जालंधरजवळ आहे. पाकिस्तानची सरहद्द तिथून लढाऊ विमानाला काही मिनिटांच्या अंतरावर. १९६५ च्या युद्धात ६ आणि ७ सप्टेंबरच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, हलवारा आणि आदमपूर या तीन तळांच्या परिसरात छत्रीधारी सैनिक उतरवले होते. तळ निकामी करण्याचा त्यांचा डाव फसला. ७ सप्टेंबरला याच आदमपूरहून मिस्टियर विमानांनी सरगोधा या पाकिस्तानी तळावर हल्ला चढवला. त्या मोहिमेत स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या परतले नाहीत. आपल्या विमानापेक्षा कितीतरी वेगवान असलेले स्टारफायटर त्यांनी पाडले होते, हे पुढे उजेडात आले आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर बॉम्ब टाकणारी मिराज २००० विमानेही आदमपूरहून उडत होती. आज हा तळ मिग-२९ साठी ओळखला जातो.

हिंडनचे काम वेगळे. इथे हवाई दलाची सी-१७ ग्लोबमास्टर आणि सी-१३०जे ही अवजड मालवाहू विमाने असतात. रणगाडा पोटात घेऊन उडू शकणारे सी-१७ संकटात सापडलेल्या माणसांनाही घेऊन येते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून सोडवलेले लोक हिंडनला उतरले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या युद्धातून सुटलेले भारतीय विद्यार्थी रोमानियातून हवाई दलाच्या विमानाने इथेच आले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून आल्या, त्याही इथेच उतरल्या. ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाचे संचलन अनेक वर्षे हिंडनलाच होत असे.

नागरी प्रवाशांसाठी हिंडनचे दार ८ मार्च २०१९ रोजी उघडले. त्या दिवशी पंतप्रधानांनी तिथल्या नागरी टर्मिनलचे उद्घाटन केले आणि त्याच दौऱ्यात दिल्ली मेट्रोचा शहीद स्थळ स्थानकापर्यंतचा मार्गही सुरू झाला. पहिले प्रवासी विमान मात्र ११ ऑक्टोबर २०१९ रोजी उडाले. ते नऊ आसनांचे होते आणि उत्तराखंडातल्या पिथोरागडला गेले. पुढच्याच महिन्यात स्टार एअरने कर्नाटकातल्या हुबळीपर्यंत सेवा सुरू केली. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत उद्योगसमूहाची, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. आदमपूरला १ मे २०१८ रोजी दिल्लीचे विमान सुरू झाले होते. मध्ये खंड पडला, आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाल्यावर तीन आठवड्यांत नांदेडचे विमान तिथे पोहोचले.

सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणजे काय

लष्करी तळाच्या कडेला प्रवाशांसाठी राखलेल्या भागाला विमान वाहतुकीच्या भाषेत सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. देशात असे दोन डझनांहून अधिक एन्क्लेव्ह आहेत. श्रीनगर, लेह, जोधपूर, चंडीगड, आग्रा, ग्वाल्हेर, पुणे आणि गोव्याचे दाबोळी ही त्यांतली ओळखीची नावे.

इथे मालकी वाटलेली असते. धावपट्टी, ती साफ ठेवण्याची यंत्रणा, तिच्यावरचे दिवे आणि आकाशातल्या विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष हवाई दलाकडे किंवा नौदलाकडे असतो. टर्मिनलची इमारत, विमाने उभी करायचे अ‍ॅप्रन, वाहनतळ, सामानाचे पट्टे हे सारे भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. टर्मिनलसाठीची जमीन बहुधा राज्य सरकार मिळवून देते. नागरी बाजूचे अ‍ॅप्रन आणि लष्करी धावपट्टी यांना जोडणारा एक टॅक्सी-वे असतो. विमान या जोडरस्त्यावरून पलीकडे गेले की ते लष्करी हद्दीत शिरते, आणि तिथून पुढे प्रत्येक हालचालीला हवाई दलाच्या नियंत्रकाची परवानगी लागते.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही व्यवस्था सामाईक विहिरीवरून चटकन उमगेल. विहीर एकच असते, पाळी ठरलेली असते, आणि पाळी मोडली की भांडण गावापुरते राहत नाही. फरक इतकाच, की इथे दोन्ही वाटेकरी समान हक्काचे नाहीत. युद्धाचा प्रसंग आला तर पाळीचा कागद बाजूला ठेवण्याचा अधिकार हवाई दलाला आहे, आणि तो असलाच पाहिजे.

एका धावपट्टीवर दोन तऱ्हांची विमाने

ही वाटणी प्रत्यक्षात कशी चालते, ते आदमपूरच्या धावपट्टीवर जवळून पाहू.

नांदेडहून निघालेले एम्ब्राएर १७५ हे ७६ आसनांचे जेट आहे. ते विमानतळाच्या दिशेने दूरवरून एका सरळ रेषेत, ठरावीक उताराने खाली येते. त्याच्या पोटात माणसे असतात, म्हणून त्याला झटके नकोत, एकदम वळणे नकोत. लढाऊ विमानाची रीत उलटी. ते धावपट्टीच्या डोक्यावरून वेगात येते, कडक वळण घेऊन वेग कमी करते, फेरी पुरी करून टेकते. सरावाहून परतणाऱ्या चार लढाऊ विमानांच्या टाकीत इंधन मोजकेच असते, त्यांना घिरट्या घालायला लावता येत नाही. अशा वेळी नियंत्रक प्रवासी विमानाला दूर थांबवतो. प्रवाशाला खिडकीतून तेच शेत दोनदा दिसते, त्याचे कारण बहुधा हे असते.

मिग-२९ टेकल्यावर त्याच्या शेपटीतून ब्रेकची छत्री उघडते आणि विमानाचा वेग कमी करते. मग ती छत्री सोडून दिली जाते आणि जमिनीवरचे जवान ती उचलून नेतात. तिचा एखादा दोरा, निसटलेला खिळा किंवा दगडाची कपची धावपट्टीवर राहिली आणि पुढच्या विमानाच्या इंजिनात खेचली गेली, तर कोट्यवधींचे इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून धावपट्टीची पाहणी पुनःपुन्हा होते. लष्करी धावपट्टीच्या टोकांना भक्कम जाळीचा अडथळाही असतो. ब्रेक निकामी झालेले लढाऊ विमान त्या जाळीत अडकून थांबते. प्रवासी विमान उतरताना ही जाळी खाली केलेली असावी लागते. अशा लहान लहान गोष्टींच्या क्रमावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात, आणि तो क्रम सांभाळणारे हवाई दलाचे नियंत्रक, अग्निशामक जवान आणि पक्षी पिटाळणारी पथके प्रवाशाच्या नजरेस कधी पडत नाहीत.

प्रवाशाच्या वाट्यालाही शिस्त येते. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या, विशेषतः पश्चिम सरहद्दीजवळच्या, विमानतळांसाठी आदेश काढला. उड्डाणानंतर विमान १०,००० फुटांवर जाईपर्यंत आणि उतरताना त्या उंचीच्या खाली आल्यावर खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे, असा तो आदेश होता. आपत्कालीन दाराजवळच्या रांगा यातून वगळलेल्या. छायाचित्र आणि चित्रफीत काढायला मनाई. पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला खिडकी बंद ठेवायला सांगणे जिवावर येते. पण तळावर कोणती विमाने कुठे उभी आहेत, निवारे कुठे आहेत, हे एखाद्याच्या समाजमाध्यमावरच्या चित्रफितीतून शत्रूला फुकट मिळू शकते. हवाई कर्मचाऱ्यांनी पडदा ओढायला सांगितले तर तो निमूटपणे ओढावा, आणि शेजारच्यालाही कारण समजावून सांगावे.

जमिनीचे आणि पैशाचे गणित

विमानतळ उभारताना सर्वांत अवघड असते ती जमीन. धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब हवी. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी, टोकांना आकाश मोकळे हवे. लष्करी तळावर ही सर्वांत महाग गोष्ट आधीच तयार असते. देशाने तिचा खर्च कधीच केलेला असतो, आणि तळाच्या आजूबाजूच्या गावांनी जमीन कधीच दिलेली असते. एन्क्लेव्ह करायचा म्हणजे मुख्यतः एक इमारत, एक अ‍ॅप्रन आणि एक जोडरस्ता.

महाराष्ट्रातच याचा दाखला आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी आहे. १९६० च्या दशकात तिथे मिग-२१ बनू लागले, पुढे सुखोई-३० आणि आता तेजस. संरक्षण खात्याच्या या कारखान्याच्या धावपट्टीशेजारी २०१४ मध्ये सुमारे ८४ कोटी रुपयांत प्रवासी टर्मिनल उभे राहिले. गोव्यात मोपाला सगळाच विमानतळ नव्याने बांधावा लागला, तेव्हा खर्च सुमारे २,८७० कोटींवर गेला. दोन्हींचा आकार आणि क्षमता यांत मोठा फरक आहे, पण तयार धावपट्टीची किंमत काय असते याची कल्पना येते. पुण्याला पर्याय म्हणून पुरंदर तालुक्यात विमानतळ करायचा ठरला, तेव्हा सात गावांच्या शेतजमिनींचा प्रश्न उभा राहिला आणि शेतकऱ्यांचा कडवा विरोध झाला. एखादी धावपट्टी दोघांनी वापरली, तर कुणाच्या तरी घराण्याचे शेत वाचते. कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा मुद्दा विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

तयार धावपट्टी असली तरी विमान कंपनीला छोट्या मार्गावर यायला आधार लागतो. तो उडान योजनेने दिला. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून या योजनेचे पहिले विमान निघाले, त्याच दिवशी कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद हे मार्गही सुरू झाले. देशाच्या या प्रयोगाच्या पहिल्या दिवसातच नांदेडचे नाव होते. योजनेचा गाभा साधा आहे. विमानातल्या साधारण निम्म्या जागांचे भाडे मर्यादित ठेवायचे. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा २,५०० रुपयांच्या आसपास होती. त्यामुळे कंपनीला येणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरून काढतात. अशा मार्गांवर विमान उतरवण्याचे शुल्क माफ असते, आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसरा स्पर्धक येऊ दिला जात नाही.

दुसरी अडचण कराराची. मोठ्या शहराचा विमानतळ खासगी कंपनीने प्रचंड भांडवल घालून उभारलेला असतो, म्हणून शेजारी दुसरा विमानतळ सहजासहजी होऊ नये अशी तिची अपेक्षा असते. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार चालू विमानतळापासून १५० किलोमीटरांच्या आत नवा विमानतळ काढण्याला वेगळी मंजुरी लागते. हिंडन तर दिल्लीच्या उशाशी. त्यामुळे उडान मार्गांपुरती दिल्ली विमानतळाच्या चालकांची संमती घेऊनच हिंडनचे दार उघडावे लागले.

बिदरचा धडा

या कराराचा आणि उडानचा सर्वांत जवळचा अनुभव हिंगोलीच्या शेजारीच आहे. बिदर हा मराठी बोलणाऱ्यांचा सीमाभाग. हिंगोली आणि बिदर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. बिदरला हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे. लढाऊ वैमानिक होऊ पाहणारी मुले तिथे हॉक विमानांवर शिकतात, आणि आकाशात कसरती करणारे सूर्यकिरण पथकही तिथलेच. या तळाशेजारी नागरी टर्मिनलची इमारत बांधून झाली, पण ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारात १५० किलोमीटरांच्या परिघात २५ वर्षे दुसरा नागरी विमानतळ नको, अशी अट होती. शेवटी हैदराबादच्या विमानतळ कंपनीनेच बिदरचा एन्क्लेव्ह चालवायला घेतला, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूरहून ट्रूजेटचे पहिले विमान उतरले.

त्यानंतरचा क्रम प्रत्येक छोट्या विमानतळाने अभ्यासावा. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची सेवाच थांबली. त्याच वर्षी स्टार एअर आली, तीही २०२३ च्या अखेरीस बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने तुटीचा भार उचलल्यावर विमान पुन्हा सुरू झाले. हवाई दलाने दार कधीच लावले नव्हते. कंपनीला मार्ग परवडत नव्हता. ओझरलाही टर्मिनल २०१४ मध्ये झाले आणि उडानची विमाने आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. दगड-सिमेंटची इमारत उभी राहिली म्हणजे विमानसेवा आली, असा आपल्याकडे गैरसमज आहे. उद्घाटनाची कोनशिला बसते, वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते, आणि वर्षभरात वाहनतळावर गवत उगवते. प्रवाशाचा विश्वास बसतो तो वेळापत्रकावर. एखादे विमान महिनाभर नीट चालून दोन महिने बंद राहिले, तर त्यापुढे दुकानदार, डॉक्टर, विद्यार्थी त्याचा विचारच सोडून देतात. मग कंपनी म्हणते प्रवासी नाहीत, प्रवासी म्हणतात विमान नाही.

पुणे आणि दाबोळी: मोठ्यांच्या अडचणी

प्रवासी भरपूर असले तर प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. पुण्याचे लोहगाव १९३९ मध्ये ब्रिटिशांनी मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारले. २००२ मध्ये भारताचे पहिले सुखोई-३० एमकेआय पथक इथेच आले. आज मराठवाड्याची मुले शिकायला आणि नोकरीला ज्या पुण्यात जातात, त्या शहराची सारी विमान वाहतूक लढाऊ तळाच्या साधारण अडीच किलोमीटरच्या एकाच धावपट्टीवर चालते. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. १० मार्च २०२४ रोजी, म्हणजे आदमपूरच्याच कार्यक्रमात, पुण्याच्या नव्या टर्मिनलचेही उद्घाटन झाले. इमारत मोठी झाली, पण धावपट्टी तेवढीच आहे आणि तिच्यावर सुखोईंचा पहिला हक्क आहे.

दाबोळी पोर्तुगीजांनी बांधले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय कॅनबेरा विमानांनी तिथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुढे तिथे नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आला. पर्यटनाने गोवा भरून गेला, तरी नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातले पाच दिवस सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद राहत. या कोंडीतूनच मोपाचा विमानतळ आला आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. थोडक्यात, सामायिक धावपट्टी छोट्या शहराला उभे राहायला मदत करते. शहर मोठे झाले की त्याने स्वतःची सोय वेळीच करावी आणि तळावरचा ताण हलका करावा.

हिंगोलीने हे आधी पाहिले आहे

लष्करी जागा आणि नागरी जीवन यांचा संबंध हिंगोलीला नवा नाही. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिची छावणी हिंगोलीत होती. १९०३ मध्ये ही छावणी उठली. फौज गेली, पण शहराच्या वस्त्यांवर तिचे शिक्के राहिले. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हिंगोलीकर आजही रोज उच्चारतात. पायदळ, घोडदळ, तोफा, निवृत्त शिपाई आणि त्यांना माल पुरवणारी पेठ, अशी सगळी छावणी त्या नावांत आहे.

छावणी उठल्यावर जागा नागरिकांची होणे हा सोपा बदल होता, कारण एक पक्ष निघून गेला होता. हिंडन आणि आदमपूरला कुणीच निघून जाणार नाही. तिथे तोफखानाही राहणार आणि सदर बाजारही भरणार. म्हणून तिथे नियम कसून लागतात.

मे २०२५: पाळीचा कागद बाजूला

पहिला हक्क हवाई दलाचा, याचा अर्थ मे २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. ऑपरेशन सिंदूरनंतर पाकिस्तानशी चकमकी वाढल्या आणि उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. त्या यादीत हिंडन होते, आदमपूरही होते. मूळ आदेश १५ मेच्या पहाटेपर्यंतचा होता. शस्त्रसंधी झाल्यावर १२ मेला विमानतळ पुन्हा खुले झाले आणि १३ मेला पंतप्रधान आदमपूरला जवानांना भेटायला गेले. नांदेडसारख्या शहरात सरहद्दीचा धूरसुद्धा दिसत नाही. तरीही तिथून उत्तरेकडे निघणाऱ्या विमानाचे दोन्ही थांबे त्या दिवसांत बंद होते. हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या युद्धाची झळ मराठवाड्यातल्या प्रवाशाला पोहोचली ती अशी.

याची तक्रार कुणी करू नये. ज्या धावपट्टीवरून देवय्या उडाले, तिचे पहिले काम देश राखणे हेच आहे. पण अशा वेळी प्रवाशाला तत्काळ निरोप मिळणे, पैसे परत मिळणे, पर्यायी रेल्वेची माहिती मिळणे, एवढी व्यवस्था कंपनीने आणि विमानतळाने आधीच तयार ठेवायला हवी.

नामदेवांच्या वाटेवरचे विमान

नांदेड-आदमपूर हा मार्ग कंपनीने बाजारपेठ पाहून निवडला असेल, पण त्याच्यामागे सातशे वर्षांची ये-जा आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. उलट दिशेने गुरु गोविंदसिंग दक्षिणेत आले आणि १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी देह ठेवला. तेव्हापासून पंजाबातून तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ आहे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचा विमानतळ नव्याने सजला तो याच भाविकांसाठी. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी रसिक विशेष रेल्वेगाड्यांनी गेले होते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सुमारे दीड दिवस घेते. आदमपूरला विमानाने उतरलेल्या माणसाला घुमान गाडीने साधारण दोन तासांवर आहे. गुडघे दुखणाऱ्या वारकऱ्याला नर्सीहून घुमानला जाणे आवाक्यात आले, हे या सामायिक धावपट्टीचे मोल मला सर्वांत मोठे वाटते.

म्हणून हिंगोलीने काय मागावे, हे स्पष्ट असायला हवे. प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ ही मागणी भाषणात छान वाटते, पण तिच्यासाठी शेकडो एकर शेती द्यावी लागेल आणि बिदर-ओझरचा अनुभव सांगतो की विमान तरीही येईलच असे नाही. त्यापेक्षा नांदेडची २,३०० मीटरची धावपट्टी कायम सुस्थितीत राहावी, तिची देखभाल पैशाअभावी रखडू नये, हिंगोली आणि वसमतहून विमानाच्या वेळेला जुळणारी एसटी असावी, आणि महाराष्ट्र सरकारने कर्नाटकासारखा तुटीचा भार उचलून निदान पाच वर्षे वेळापत्रक मोडू देऊ नये. हवाई दलाकडे मागायचे ते इतकेच, की प्रवासी विमानांना दिलेले तास शांततेच्या काळात निश्चित आणि आगाऊ जाहीर असावेत. यातली एकही मागणी तळाच्या सुरक्षेच्या आड येत नाही. जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी, व्यापारी संघटना आणि वारकरी मंडळे यांनी या मागण्या एकमुखाने लावून धरल्या, तर हिंगोलीच्या माणसाला दिल्ली आणि पंजाब कायमचे जवळ येतील.